जोड्या लावा

आमच्या घरात पोरांच्या अभ्यासाची वाटणी कधी झाली कुणास ठाऊक, पण झाली तेव्हा मला कुणी विचारलं नव्हतं एवढं नक्की. गणित, इंग्रजी, विज्ञान हिच्याकडं, कारण ते महत्त्वाचं. चित्रकला आणि प्रोजेक्ट थोरलीकडं. खाली उरलेला गाळ म्हणजे नागरिकशास्त्र आणि सामान्य ज्ञान, ते पप्पांकडं, कारण "तुम्ही नाहीतरी रात्री दोन-दोन तास बातम्याच बघत बसताय की".

तर मागच्या म्हणजे २०२५ च्या दिवाळीआधी बारक्याच्या शाळेत सामान्य ज्ञानाची परीक्षा लागली. बारका पाचवीला. नवीन गाइड कशाला, थोरलीचं आहे की माळ्यावर, असं हिने जाहीर केलं आणि ते धूळ झटकून माझ्यापुढं टाकलं. थोरली आता दहावीला, म्हणजे गाइड कधीचं ते तुम्हीच काढा. पान उघडलं तर प्रश्न, जोड्या लावा. डावीकडं पक्ष, उजवीकडं चिन्हं. थोरलीनं पेन्सिलीनं मारलेल्या रेघांचे पुसट वळ अजून दिसत होते, बाणासारख्या सरळ रेघा. तिला त्यात पैकीच्या पैकी पडले होते म्हणे. पडणारच, तेव्हा महाराष्ट्रात एका पक्षाला एकच चिन्ह असायचं.

"पप्पा, शिवसेना?"

"कुठली?"

एवढा एक शब्द तोंडातून गेला आणि माझी संध्याकाळ गेली.

आता दहा वर्षाच्या पोराला काय सांगायचं बघा. म्हणलं, बाळा, २०२२ च्या जूनमध्ये आमदार फुटले, मग आयोगानं धनुष्यबाण गोठवला, मग एका गटाला मशाल मिळाली, दुसऱ्या गटाला ढाल-तलवार मिळाली, मग २०२३ च्या फेब्रुवारीत धनुष्यबाण ढाल-तलवारवाल्यांना मिळाला, मग मशालवाले सुप्रीम कोर्टात गेले. बारक्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग बाईंनी दोघांना बोलवून समजावलं नाही?" म्हणलं बाईंच्यातच चाललंय रे, दिल्लीतल्या. "मग बाई काय म्हणल्या?" म्हणलं बाई तारीख देतात.

त्याला त्यातलं एकच प्रकरण तोंडपाठ होतं. "म्हणजे ते गुवाहाटीला ट्रीपला गेलेले तेच ना? काय झाडी, काय डोंगार, काय हाटील!" आणि नाचूनच दाखवलं. हे घडलं तेव्हा बारका जेमतेम पहिली संपवून दुसरीला लागला होता, पण सांगोल्याच्या शहाजीबापूंचं ते फोनवरचं वाक्य रीलमधनं त्याच्यापर्यंत पोचलंय. चाळीसएक आमदार का गेले ते त्याला ठाऊक नाही, हॉटेल चांगलं होतं हे पक्कं ठाऊक आहे. तसं बघितलं तर मोठ्या माणसांनाही तेवढंच लक्षात राहिलंय.

बरं, म्हणलं शिवसेना राहू दे बाजूला, घड्याळ घे. घड्याळ सोपं. म्हणून गेलो आणि मग आठवलं की २०२३ च्या जुलैत तिथंही तेच झालंय, आणि २०२४ ला घड्याळ अजितदादांच्या गटाकडं गेलं आणि शरद पवारांच्या गटाला तुतारी वाजवणारा माणूस मिळाला. गाइडमध्ये तुतारी नव्हतीच. बारका म्हणला मी काढतो. काढली. वहीत बघतोय तर सरळसोट नळी आणि पुढं भोंगा.

"ही पिपाणी झाली की रे."

"एकच ना पप्पा?"

एकच कसं असेल मर्दा! साताऱ्यात २०२४ च्या लोकसभेला याच घोळात लोकांनी पिपाणीवर बटण दाबलं, तुतारीचा उमेदवार जेवढ्या मतांनी पडला त्याच्यापेक्षा जास्त मतं पिपाणीला पडली. हे मी त्याला इतक्या तावातावानं सांगितलं की त्यानं घाबरून पिपाणी खोडली. मग वाकडी तुतारी काढली. ती हत्तीच्या सोंडेसारखी झाली म्हणून परत खोडली. पाचवीतल्या पोरांचं खोडणं म्हणजे जीभ बाहेर काढून, दोन्ही हातानं, टेबल हालेपर्यंत. कागद काळा पडला, मग चुरगाळला, मग 'राष्ट्रवादी' या शब्दाच्या बरोबर मधोमध भोक पडलं. मी काहीच बोललो नाही.

एवढ्यात आबा आले. आमचे वडील. पायातलं कापशी पायताण दारात काढलं आणि खुर्चीत बसायच्या आधीच पोराच्या हातनं गाइड घेतलं.

"काँग्रेसचं चिन्ह लिव. बैलजोडी."

"आबा, हात आहे इथं."

"हात आत्ता आला रे. आदी बैलजोडी, मग गाय-वासरू. माझं पैलं मत गाय-वासराला."

खरंय ते. १९६९ ला काँग्रेस फुटली आणि बैलजोडी गोठली, ७१ ला इंदिराबाई गाय-वासरू घेऊन उतरल्या, आणि पुढं परत फूट पडली तेव्हा हात आला. म्हणजे हे फोडाफोडी, गोठवागोठवी काय नवीन नाही, पण आबांना ते पटत नाही. त्यांच्या मते त्यांच्या काळातली फूट तत्त्वासाठी होती. आबांचा राग वेगळाच आहे. २०२४ च्या विधानसभेला आमच्या कोल्हापूर उत्तरमध्ये काँग्रेसच्या उमेदवारानं शेवटच्या दिवशी अर्ज मागं घेतला आणि मशिनवर हातच राहिला नाही. आबा आत जाऊन मशिनसमोर हात शोधत उभे, बाहेर रांग वाढायल्या, आतनं मॅडम हाका मारायल्या, आजोबा झालं का. आबा म्हणे "चिन्ह कुठाय आमचं?" बाहेर आल्यावर दोन दिवस जेवले नाहीत नीट. रविवार आला तेव्हा तांबड्या-पांढऱ्यावर जरा सावरले.

"आपल्या तालमींच्या फुटबॉलात बघ, खंडोबाचा पोरगा पाटाकडीलच्या गॅलरीत बसतोय काय कधी?" आबांनी गाइड आपटलं. "शाहू स्टेडियमवर हरला तर रडत घरला जाईल, पर तालीम न्हाई बदलणार. आन हे बघ!"

मला आबांना सांगायचं होतं की तालमींचे प्लेअरसुद्धा सीझनला इकडचे तिकडं होतात, बदलत नाही तो फक्त गॅलरीतला माणूस. पण शिवाजी पेठेत राहायचंय मला.

थोरली कानात हेडफोन घालून बसली होती, म्हणजे तिला सगळं ऐकू येत होतं. ती त्या कोरियन बीटीएसवाली. सातही जणांची नावं, वाढदिवस, कोण कुठल्या गाण्यात किती सेकंद गातो, सगळं पाठ, आणि आपल्या जिल्ह्यातले तालुके विचारले तर गगनबावड्याला थांबते. ती हेडफोन काढून म्हणली, "पप्पा, आमच्या ग्रुपला सक्तीनं मिलिटरीत जावं लागलं. एकेक करून सगळे गेले, आणि २०२५ च्या जूनपर्यंत सगळे परत आले. तेरा सालापासनं ग्रुप तोच, नाव तेच. आणि तुमचे?" तुमचे म्हणजे जसे काय मीच फोडून आणलेत.

आबांनी विचारलं, "कुठल्या पक्षाचे हे?" आणि सात जणांत एकजण तरी फुटला काय याची बारकाईनं चौकशी केली. नाही म्हणल्यावर म्हणाले, "पोरं चांगली आहेत. जरा केस कापायला सांग."

आतनं हिचा आवाज आला. "झालं काय हो? पानं घेतलीत." ही माहेरची कागलची, तिच्याकडं पक्ष वगैरे भानगडच नाही. त्यांच्यात विचारतात, कुठल्या गटाचा? पक्ष निवडणुकीपुरता, गट जन्माचा, आणि गोकुळ दूध संघाची निवडणूक आली की लोकसभा त्यापुढं किरकोळ. २०१९ च्या लोकसभेला इथं "आमचं ठरलंय" निघालं होतं बघा, आघाडीचा धर्म एकीकडं आणि गाडी भलतीकडं, ते वाक्य सगळ्या महाराष्ट्रानं उचललं. आमच्या घरात ते अजून चालू आहे. सुट्टीत कुठं जायचं, सोफा कुठला घ्यायचा, मी विचारायला गेलो की दोन्ही पोरं आणि ही एका सुरात, आमचं ठरलंय. मी फक्त कार्ड स्वाइप करतो.

शेवटी हिनेच बारक्याच्या बाईंना फोन लावला. बाई हसायल्या. म्हणल्या, अहो, तो प्रश्न ऑप्शनला टाकायला सांगितलाय वर्गात, मागच्या वेळी दोन पालक गेटवर भांडले त्यावरनं. सोडून द्या, पुढचा घ्या.

आबा म्हणले ह्ये बरं झालं. बारक्यानं भोक पडलेलं पान उलटलं आणि मोठ्यानं वाचलं, "प्रश्न तिसरा, एका शब्दात उत्तर लिहा. महाराष्ट्राचे उपमुख्यमंत्री कोण?"

"सकाळी बघू," मी म्हणलं. "जेवण गार व्हायलंय."