बाईने एकटीने परदेशी कसं जावं

सर्वात आधी, जाऊच नये. एवढं ऐकूनही जायचंच असेल तर पुढे वाचा.

तारखा ठरायच्या आत सोसायटीच्या लिफ्टमध्ये बातमी फोडावी. ‘पोर्तुगाल? एकटीच? मिस्टरांना सुट्टी नाही का?’ एवढ्यात सुरक्षेचा सगळा अभ्यास उरकतो.

पोर्तुगालला लागतो तो शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा एकच व्हिसा. त्यासाठी किमान 30,000 युरोचा आरोग्य विमा सक्तीचा आहे. पण पुरुष सोबत असला की काही होत नाही, असं माझ्या मावससासूबाई सांगतात. हे कोणीतरी दूतावासाला कळवावं.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो. निदान 15 दिवस आधी तरी द्यावाच. बँकेचं स्टेटमेंट, आयटीआर, पगाराच्या स्लिपा, ऑफिसचं रजेचं पत्र, हॉटेलचं बुकिंग, सगळं क्रमाने लावावं. आणि वर नवऱ्याचं संमतीपत्र ठेवावं. परवा एजंटच्या ऑफिसातल्या पोराने फाइल चाळली आणि मान वर न करता विचारलं, ‘मॅडम, मिस्टरांची एनओसी?’ म्हटलं, यादीत कुठाय दाखव. ‘यादीत नाही, पण असलेली बरी.’ असलेली बरी! घरकर्जाच्या कागदांवर माझी सही चालते, टॅक्स माझ्या पगारातून कापलेला चालतो, खर्च मी करणार, आणि परवानगी त्याची? मागच्या वर्षी हा दुबईला गेला तेव्हा माझी एनओसी कोणी मागितली होती? बाहेर येऊन नवऱ्याला फोन केला, तर म्हणे, ‘देतो की लिहून, त्यात काय!’

त्यात काय.

रात्री आठनंतर बाहेर पडू नये. जूनमध्ये लिस्बनला सूर्य नऊच्या सुमारास मावळतो, तो त्याचा प्रश्न.

गळ्यात मंगळसूत्र हवंच. 28 नंबरच्या ट्रॅममधले खिसेकापू ते बघून हात आवरतात म्हणे. (नाही आवरत. बाई-पुरुष असा भेद न करणारे तेवढेच. पर्स पुढे धरा.)

आणि काळजी वाटते म्हणता ना? मग विमान मध्यरात्री उतरलं तर हॉटेलवर कशी जाशील, हे विचारा. पासपोर्टची झेरॉक्स वेगळी ठेवलीस का? तिथे अडचणीत 112 लावायचा, माहीत आहे का? भारतीय दूतावासाचा नंबर कागदावर लिहून घेतलास का? हे एकाही माणसाने विचारलं नाही मला. विचारलं काय, तर ‘त्याला चालतंय का’ आणि ‘त्याच्या जेवणाचं काय’. धडधाकट माणूस आहे तो, कुकर लावायला हात आहेत त्याला. जेवणाचं त्यालाच विचारा, आणि मला लिफ्टमध्ये गाठणं बंद करा.