‘शेवटचा बाक’ यांना: एक चूक कबूल, बाकीचं भांडण चालू

नमस्कार ‘शेवटचा बाक’,

पदवीच्या शेवटच्या वर्षात पुढची तयारी कशी करावी, या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा हसू आलं (‘ताई, हा लेख म्हणजे पोहता येणाऱ्या माणसाने काठावर बसून बुडणाऱ्याला दिलेला सल्ला आहे’, हे झकासच जमलंय). तिसऱ्या वेळी लक्षात आलं, की एका मुद्द्यावर तुमचं बरोबर आहे आणि मी सपशेल चुकलेय. तिथेच खाली चार ओळींत उत्तर द्यायला बसले होते, पण ते लांबत गेलं, म्हणून इथे स्वतंत्र टाकतेय.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुम्हाला पदवी घेऊन दोन वर्षं झालीत. तुमचं म्हणणं असं, की तयारी-बियारी करायला पाठीशी पैसा लागतो, बाकीच्यांनी समोर येईल ते झेलायचं. सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा म्हणणाऱ्या बाईने विद्यार्थ्याचं पाकीट कधी उघडून पाहिलेलं नाही. ‘ओळख नसलेल्यांनाही लिहा’ म्हणजे वशिल्याला घातलेले इस्त्रीचे कपडे. आणि ‘पहिली मिळेल ती नोकरी धरू नका’ हा सल्ला ज्याच्या डोक्यावर घरभाडं आहे त्याने ऐकला, तर तो रस्त्यावर येईल.

शेवटच्यापासून सुरू करते, कारण माझी चूक तिथेच आहे.

ते वाक्य लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर एक मैत्रीण होती. ‘तात्पुरतं’ म्हणून एका नोकरीत शिरली आणि अकरा वर्षं तिथेच राहिली. मी तिच्याकडे बघून ठरवून टाकलं, की पहिली नोकरी सांभाळून निवडली पाहिजे. तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर तिलाच फोन केला. ती म्हणाली, ‘अगं, नोकरी धरली त्याचं मला काहीच वाईट वाटत नाही. पहिल्या वर्षानंतर मी एकही अर्ज केला नाही, त्याचं वाटतं.’ झालं, माझं निदानच चुकलं होतं.

यावर चांगला अभ्यासही झालेला आहे, आणि तो मला आधीपासून माहीत होता, ही आणखी लाजेची गोष्ट. ओरिओपोलोस नावाच्या अर्थतज्ज्ञाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडातल्या पदवीधरांच्या अनेक वर्षांच्या कमाईचा माग काढला. 2012 साली तो प्रसिद्ध झाला. मंदीच्या काळात पदवी घेऊन बाहेर पडलेल्यांची कमाई सुरुवातीला साधारण 9 टक्क्यांनी कमी राहते, पाचेक वर्षांत हा फरक निम्म्यावर येतो आणि दहा वर्षांत जवळपास मिटतो. मिटतो तो मुख्यतः नोकऱ्या बदलल्यामुळे. पहिल्यांदा हलक्या कंपनीत लागलेली मुलं हळूहळू बऱ्या कंपन्यांत सरकतात. म्हणजे पहिली पायरी मोडकी असली तरी चालतं, तिच्यावर मुक्काम ठोकू नये.

आता त्याच अभ्यासातला तुमच्या बाजूचा भाग. ही भरपाई सगळ्यांची सारखी होत नाही. ज्यांची सुरुवातच जरा वरून झालेली असते ते पटकन दुसरीकडे उडी मारतात, आणि ज्यांची तशी नसते त्यांच्यातल्या काहींचं नुकसान कायमचं राहून जातं. तेव्हा ‘पाठीशी काही असेल त्याचंच भागतं’ या तुमच्या तक्रारीत तथ्य आहे. पण त्यावरून तयारीच फोल ठरते, असं मात्र मला वाटत नाही. ज्याला धक्का जास्त बसणार, त्यालाच ती जास्त लागते.

पैशांबद्दल फार लांबण लावत नाही. सहा महिन्यांचा खर्च विद्यार्थ्याने साठवावा हे मी कुठल्यातरी नोकरदार वाचकाला सांगितलेलं वाक्य आळसाने इथे चिकटवलं. मागे घेतलं. त्याऐवजी एवढंच सांगते, की एक महिनाभर गेलेला प्रत्येक पैसा लिहून काढा, म्हणजे आपल्याला महिन्याला नक्की किती लागतं तो आकडा कळेल. तो आकडा ठाऊक नसताना पगाराची बोलणी करणं म्हणजे माप न घेता कापड फाडणं. शिवाय पगार साधारणपणे महिना भरल्यावर हातात येतो, पण जाणं-येणं, राहण्याची जागा, तिची अनामत, धड कपडे हे सगळं आधी लागतं. हा मधला खड्डा नोकरी लागल्यानंतर येतो, म्हणून तो कोणाच्या हिशोबात नसतो. तो भरायला कोणाकडून उसने घ्यायचे, हे आधी ठरवून ठेवणं हीसुद्धा तयारीच.

वशिल्याच्या मुद्द्यावर मात्र मी अडून बसणार आहे.

वशिला म्हणजे माझं काम बघू नका, माझा मामा बघा. मी सांगत होते ते वेगळं आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या समाजशास्त्रज्ञाने 1970च्या सुमारास अमेरिकेत बॉस्टनजवळच्या न्यूटन गावातल्या नोकरदारांना विचारलं, तुम्हाला ही नोकरी कशी कळली? ज्यांना ओळखीतून कळली होती, त्यांच्यात रोजच्या उठबशीतल्या माणसाकडून कळलेले 16.7 टक्केच निघाले. अधूनमधून भेटणाऱ्याकडून कळलेले 55.6 टक्के आणि वर्षातून एकदा किंवा त्याहूनही कमी भेटणाऱ्याकडून कळलेले 27.8 टक्के. कारण साधं आहे. आपल्या कट्ट्यावरच्या मित्रांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतं, बातमी बाहेरूनच यावी लागते. नमुना लहान होता हे खरं, पण 2022 साली लिंक्डइनच्या 2 कोटींहून अधिक वापरकर्त्यांवरच्या प्रयोगांचे निष्कर्ष छापून आले तेव्हाही मध्यम पातळ ओळखी, म्हणजे ना घट्ट ना अगदीच नावापुरत्या, नोकरी बदलायला सर्वांत उपयोगी ठरल्या. संगणकाशी फारसा संबंध नसलेल्या धंद्यांत घट्ट ओळखीच जास्त कामी येतात, हेही त्यातच आहे. ते लपवत नाही.

म्हणजे ज्याला मामा नाही त्याच्यासाठीच ही वाट आहे. पण तिथे लिहायचं कसं, हे मी लेखात सांगितलंच नव्हतं, आणि म्हणून तुम्हाला ती लाचारी वाटली असणार. माझंच उदाहरण देते. शेवटच्या सत्रात मी दोन वर्षं पुढे असलेल्या एका मुलीला पत्र लिहायला घेतलं. तिच्याशी माझी ओळख जेमतेम जिन्यात हसण्यापुरती. पहिला मसुदा असा होता: ‘आदरणीय ताई, मी आपल्याच विभागाची विद्यार्थिनी. मला नोकरीची अत्यंत गरज आहे. आपल्या कंपनीत कुठलीही जागा असल्यास कृपया माझा विचार व्हावा. सोबत माहितीपत्रक जोडत आहे.’ तो वाचून माझी मलाच दया आली. ‘कुठलीही जागा’ म्हटल्यावर समोरच्याने करायचं काय? तिच्या हातात जागा नव्हतीच. तिला एकतर नाही म्हणावं लागलं असतं, नाहीतर गप्प बसावं लागलं असतं. माणसं गप्प बसतात.

दुसरा मसुदा चार ओळींचा झाला. ‘तू आता ग्राहकांच्या तक्रारींची आकडेवारी बघतेस असं कळलं. मी शेवटच्या सत्राच्या प्रकल्पात असंच थोडं काम केलंय, पण खऱ्या कामाचा दिवस कसा जातो याची कल्पना नाही. पंधरा मिनिटं बोलता येईल का? विचारायचे तीन प्रश्न खाली लिहिलेत, लिहून उत्तर दिलंस तरी चालेल.’ उत्तर नवव्या दिवशी आलं, तेही तीन ओळींचं. तिसऱ्या ओळीत होतं, ‘आमच्याकडे जागा नाहीत, पण अमुक प्रकारचं काम करणाऱ्या ठिकाणी बघ, ते जाहिरात देत नाहीत.’ ही तिसरी ओळ मला वर्गातलं कोणीच सांगू शकलं नसतं. मी एकूण चौदा जणांना लिहिलं, उत्तरं पाच आली. नऊ जणांनी दुर्लक्ष केलं म्हणून आभाळ कोसळलं नाही.

आता जरा बाजूला जाते, कारण ज्या गोष्टीची मला खरंच तयारी नव्हती ती नोकरी नव्हतीच. ती गोष्ट म्हणजे एक सोमवार. शेवटचा पेपर शुक्रवारी झाला. शनिवार-रविवार झोपण्यात गेले. सोमवारी सवयीने सहाला उठले, अंघोळ केली, पिशवी खांद्याला लावली आणि दाराशी उभी राहिले. जायचं कुठेच नव्हतं. बालवाडीपासून कोणीतरी माझं वेळापत्रक बनवत आलं होतं, ते त्या दिवशी संपलं आणि कोणी तसं सांगितलंही नाही. पुढचे दोन महिने मी ‘नोकरी शोधत’ होते, म्हणजे दुपारी बाराला उठून जाहिराती वर-खाली सरकवत होते. तुम्ही प्रतिक्रियेत ‘मधले पाच महिने कुठे गेले कळलं नाही’ असं ओझरतं लिहून पुढे गेलात. मी त्या ओळीवर थांबले. मला वाटतं तुमचा खरा राग तिथे आहे, माझ्या लेखावर नाही. चूक असेल तर सांगा.

या बाबतीत आपला अंदाज किती फसतो याचाही एक मासला आहे. ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांनी 1994 साली छापलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना विचारलं, प्रबंध किती दिवसांत पुरा कराल? सरासरी उत्तर 33.9 दिवस. सगळंच बिघडलं तर? 48.6 दिवस. प्रत्यक्षात लागले 55.5. सगळं बिघडेल असं धरूनही अंदाज कमीच पडला! त्यामुळे ‘दोन महिन्यांत काहीतरी लागेल’ असं कोणी म्हणालं की मी मनात चार धरते, आणि त्या चार महिन्यांत रोज सकाळी जाऊन बसायला एखादी जागा, अगदी वाचनालयाचं टेबल का होईना, आधी हेरून ठेव म्हणून सांगते.

कागदपत्रांवरच्या माझ्या परिच्छेदाला तुम्ही ‘कारकुनी’ म्हणालात. असेल. माझ्या पदवीच्या प्रमाणपत्रावर नावात एक अक्षर जास्त पडलं होतं आणि ओळखपत्रावर ते नव्हतं. दुरुस्तीला चार महिने गेले, खिडकीवरचे गृहस्थ दर वेळी नवीन कागद मागायचे, आणि तोवर एका ठिकाणची रुजू होण्याची तारीख उलटून गेली. विद्यार्थी असताना तेच काम एका दुपारी झालं असतं, कारण तेव्हा आपण ‘आतले’ असतो. हा परिच्छेद मी काढणार नाही.

मूळ लेखात ‘पहिली मिळेल ती नोकरी धरू नका’ आणि ‘सहा महिन्यांचा खर्च’ ही दोन्ही वाक्यं आज बदलली आहेत, खाली तशी नोंदही केली आहे.

राहता राहिला तुमचा शेवटचा टोमणा, ‘दोन वर्षं झाली, आता कसली डोंबलाची तयारी?’ तुम्हीच प्रतिक्रियेत लिहिलंय, की सगळं काम कंटाळवाणं असलं तरी महिनाअखेरीचा साठ्याचा तक्ता जुळवताना दोन तास कसे जातात कळत नाही, आणि तुम्ही बनवलेला तक्ता आता शेजारचा विभागही वापरतो. खोटे आकडे घालून, कंपनीचं नाव-गाव काढून, तो तक्ता तुम्ही बाहेरच्या कोणाला दाखवलाय का अजून?