रिंग मागवली, कुकर आला

पार्सल हातात घेतलं आणि ते अपेक्षेपेक्षा जड लागलं, तर सगळ्यात आधी चेहरा सांभाळा. डिलिव्हरीचा पोरगा अजून दारातच उभा आहे. 'एवढं जड कसं काय?' असं काहीबाही तोंडातून गेलं की संपलं. तो लेबल वाचणार, मोबाईलमध्ये बघणार, गोदामात फोन लावणार. त्याला ओटीपी सांगा, 'पाऊस लई हाय, जा सावकाश' म्हणा आणि दार लावून घ्या. पाणी मात्र विचारू नका. पाणी विचारलं की तो टेकतो, टेकला की आपण गाव विचारतो, आणि गाव कळलं की माणूस कळतो. या कामात समोरचा माणूस कळणं फार वाईट.

आमच्याकडे गेल्या श्रावणात हा योग आला. राजारामपुरीतल्या आमच्या घरी पाच लिटरचा कुकर आहे, लग्नातला. त्याची रिंग सैल झाली, शिट्टी होईना, कडेनं नुसती वाफ. लक्ष्मीपुरीत दहा मिनिटांत रिंग मिळाली असती, पण गाडी कुठं लावायची या प्रश्नाला कोल्हापुरात अजून उत्तर निघालेलं नाही, म्हणून मोबाईलवर मागवली. १४९ रुपये. खोक्यातून निघाला अख्खा कुकर! त्याच कंपनीचा, तेवढाच, चकचकीत स्टीलचा, छापील किंमत २,८९५. श्रावण होता म्हणून, नाहीतर त्याच रात्री त्यात मटण चढलं असतं. मी कॉटवर बसून आता काय करावं याचा विचार करतोय, तोवर आतून बायकोचा आवाज आला, "मी डाळ लावलो बी त्यात. तीन शिट्ट्यांत गाळ झालीया."

ही घाई तुम्हाला उथळ वाटेल, पण तिच्यात दूरदृष्टी आहे. कोरी वस्तू घरात असली की ती 'कुणाची तरी' असते. तिला हळद लागली की विषय मिटला. आपल्याकडे हळद लागल्यावर माणूस परत करता येत नाही, कुकर कुठला करताय.

मी चुकलो ते वेगळ्याच ठिकाणी. खोक्याच्या तळाला घडी घातलेला एक कागद असतो, बिल. तो वाचू नये. मी वाचला. त्यावर गडहिंग्लजच्या कुणा एका बाईंचं नाव होतं, पेठ, घर नंबर, सगळं व्यवस्थित. बाहेरच्या लेबलावर मी, आतल्या बिलावर त्या. म्हणजे गोदामात दोन लेबलं इकडची तिकडं झालेली. म्हणजे माझी रिंग त्यांच्याकडं गेलेली. म्हणजे त्या दिवशी गडहिंग्लजमध्ये एका बाईनं सगळ्या घरादाराला गोळा करून हौसेनं खोकं उघडलं असणार आणि आतून एक काळी रबरी रिंग निघाली असणार.

बिलावर फोन नंबर नव्हता, ही त्यातल्या त्यात अंबाबाईची कृपा. नंबर असता तर फोन न करण्यासाठी कारण शोधावं लागलं असतं. नुसता पत्ता असला की काही करावं लागत नाही. सीबीएस स्टँडवरून गडहिंग्लजला एसटी सुटते, दीड-दोन तासांत पोचवते, असं कुणी म्हणालंच तर त्याला विचारा, 'रस्ते बघितलेत का सध्याचे?' कोल्हापूर जिल्ह्यात या वाक्यानं कुठलाही विषय बदलता येतो.

आता कायद्याचं बघू, कारण शेजारी कायदा काढतातच. आमच्या कट्ट्यावर एक निवृत्त वकीलसाहेब बसतात. त्यांना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "माझ्या एका मित्राला चुकून दुसऱ्याची वस्तू आलीय, तर..." ते म्हणाले, "मित्राच्या शिट्ट्या आमच्या घरापर्यंत ऐकू येतात." आणि मग त्यांनी सगळं सांगितलं, न मागता, आणि फी न घेता, त्यामुळं ते मनावर घ्यायची गरज नाही. पण माहीत असावं म्हणून तुम्हाला सांगतो.

भारतीय करार कायदा १८७२चा आणि कलमही ७२वंच, म्हणजे विसरायचीसुद्धा सोय ठेवलेली नाही. चुकून दिलेले पैसे किंवा वस्तू ज्याच्याकडं आली, त्यानं ती परत करायची. देणारा बावळट होता, कंपनी गडगंज आहे, मी थोडंच मागितलं होतं, असल्या गोष्टींना त्या कलमात एक ओळही जागा नाही. शिवाय १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झालीय, तिचं ३१४वं कलम. दुसऱ्याची वस्तू अप्रामाणिकपणे आपल्या उपयोगात आणली तर किमान सहा महिने, जास्तीत जास्त दोन वर्षं, आणि वर दंड. जुन्या दंडविधानाच्या ४०३व्या कलमात नुसत्या दंडावरही भागत होतं. पूर्वीचं काही राहिलंच नाही.

'परत करणारच आहे, तोवर जरा वापरतो' हे आपलं आवडतं वाक्यही त्या कायद्यानं आधीच हेरून ठेवलंय. तात्पुरतं वापरणंही त्यात येतं, असं खाली स्पष्टीकरणच दिलंय. म्हणजे आमची डाळ कायद्यात बसते.

पण मला सगळ्यात आवडली ती त्या कलमाखालची उदाहरणं. रस्त्यात एक रुपया सापडला, कुणाचा ते माहीत नाही, उचलला, तर गुन्हा नाही. रस्त्यात एक पत्र सापडलं, आत नोट आहे, आणि पत्ता-मजकूर वाचून ती कुणाची हे कळलं, तरी ठेवून घेतली, तर गुन्हा. मी वकीलसाहेबांना म्हटलं, "म्हणजे गुन्हा नोटेत नाहीच, वाचण्यात आहे. साक्षरतेचे तोटे." ते म्हणाले, "मालक शोधायची सोय असून शोधला नाही, तरी तेच कलम." मग मी खासबागेतल्या कुस्त्यांचा विषय काढला.

घाबरू नका, कुकरसाठी कुणी वॉरंट घेऊन येत नसतं. आणि समजा प्रकरण अपिलापर्यंत गेलंच, तर आता रात्रीची गाडी पकडून मुंबईला जायला नको. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आपल्या भाऊसिंगजी रोडवर सुरू झालंय. सहा जिल्ह्यांतल्या वकिलांनी इतकी वर्षं त्यासाठी मोर्चे काढले, उपोषणं केली. एखादा कुकर तिथवर गेला तर त्यांनाही बरं वाटेल.

कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पुण्याचे भावजी आहेत. त्यांनी लगेच टाकलं, 'परदेशात न मागवता आलेली वस्तू कायद्यानं आपलीच होते.' हे खरं आहे. अमेरिकेत १९७० साली तसा कायदा झाला, इंग्लंडमध्ये १९७१ साली. फक्त तो ज्या कंपन्या न मागवता मुद्दाम माल पाठवायच्या आणि मागाहून बिल लावायच्या, त्यांच्यासाठी झाला. लेबल चिकटवताना कुणाचा हात चुकला, त्याच्यासाठी नाही. पण हा दुसरा भाग ग्रुपवर टाकू नका. फॉरवर्ड लांबलं की कुणी वाचत नाही.

तरीही मनात काहीतरी कुरकुरत राहील. राहू द्या. कुरकुर घालवायचा एक उपाय आहे, तो म्हणजे परत करायचा प्रयत्न करणं. हे काम कंपनीनं अतिशय विचारपूर्वक आखलंय. मी अॅप उघडलं, 'मदत' दाबलं. चॅटवर एका यंत्रानं 'नमस्कार' केला आणि पर्याय दिले: वस्तू मिळाली नाही, फुटकी आली, चुकीची आली, आवडली नाही. 'जास्त भारी आली' असा पर्याय नव्हता. वस्तू कमी आली तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आपल्याला पाठ असतो. जास्त आलेल्याचं गाऱ्हाणं कुठं करायचं? देशात जे घडत नाही त्याची सोय कोण कशाला करेल.

'चुकीची आली' दाबलं. दोन दिवसांनी पिकअपला दुसरा पोरगा आला. त्यानं मोबाईल बघितला, कुकर बघितला, परत मोबाईल बघितला. "काका, माझ्याकडं रिंगचा फोटो हाय. रिंग द्या."

"रिंग गडहिंग्लजला आहे. हा कुकर ने."

"कुकर स्कॅन हुत न्हाई काका. नेला तर माझ्याच बोकांडी बसंल. ह्ये कुटनं आणलास म्हणतील."

पंधरा मिनिटं आम्ही दोघं जिन्यात उभे, मधे कुकर. मी देतोय, तो घेत नाही. शेवटी त्यानं काहीतरी दाबलं आणि गेला. संध्याकाळी मेसेज आला: आपला परतावा मंजूर झाला आहे. रिंगचे १४९ रुपये खात्यात जमा. म्हणजे कुकर फुकट, वर १४९ रुपये दक्षिणा.

त्या मेसेजचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. पुढं कुणीही विषय काढला की तो दाखवायचा. प्रयत्न एकदाच करायचा असतो हे लक्षात असू द्या. दुसऱ्यांदा केला तर कधीकधी तो यशस्वी होतो.

आता ते कारण सांगतो, पाणी का विचारू नये त्याचं. आमच्या कोपऱ्यावरच्या किराणावाल्यानं मोड देताना मला एकदा पन्नासची नोट जास्त दिली. रंकाळ्यावर फिरताना लक्षात आलं. मी भेळ टाकून परत आलो. पन्नास रुपयांसाठी, पायी. मला काय झालं होतं? काही नाही, त्याचं तोंड आठवलं. रात्री गल्ला मोजताना पन्नास कमी भरल्यावर ते कसं होईल तेही दिसलं. कपिलतीर्थ मंडईत भाजीवाल्या मावशीनं एक पेंडी मेथी चुकून जादा टाकली तरी आपण 'मावशी, दोनच मागितल्यात' म्हणतो. मग ती म्हणते, 'असूंदे रं, लेकरास्नी घाल,' आणि ती पेंडी रीतसर आपली होते. मावशीकडून मिळाली तशी परवानगी कंपनीकडून मिळायची सोय नाही, आणि आपल्याला ती नकोही असते. कंपनीला तोंड नाही, गल्ला नाही, लेकरं नाहीत. तिचं ते तसंच राहू द्या. गोदामात लेबलं चिकटवणारा कुणीतरी असेल, रात्रपाळीचा, त्याच्या पगारातून काही कापलं असेल का, हा प्रश्न पडायला लागला की समजा, तुम्ही कुणाला तरी पाणी विचारून बसलाय.

एक धोका तेवढा सांगून ठेवतो. कोल्हापुरात राहून कुकर ठेवायचा असेल तर चपलेचा विषय टाळा. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीनं मिलानच्या फॅशन शोमध्ये आपल्या कोल्हापुरीसारख्या चपला मिरवल्या आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. २०१९ पासून जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन असलेली आपली चप्पल! ग्रुपवर मी स्वतः सहा मेसेज टाकले होते. 'ज्याचं आहे त्याला विचारायला नको? निदान नाव घ्यायला काय जात होतं?' पुढं नाव घेतलं त्यांनी, ओरडा झाल्यावर. आणि महिन्याभरातच हा कुकर आला. आमची थोरली शाळेत जाते, अलीकडं तिला अक्कल फुटलीय. जेवताना तिनं वरणाची वाटी पुढं करत विचारलं, "बाबा, गडहिंग्लजच्या त्या बाईंचं नाव काय होतं हो?" मी म्हटलं, जेवताना बोलू नये.

तेव्हापासून आमच्या घरात ते नाव घेत नाहीत. बिल मी देवघराच्या खणात, पंचांगाखाली ठेवलं.

आणि फेकायचं कधीच नाही, हे माझ्या अनुभवावरून सांगतो, कारण सात-आठ महिन्यांनी कुकरच्या कडेनं वाफ जायला लागते. लग्नातला कुकर तोवर भंगारात गेलेला असतो. वॉरंटी आठवते. बिल लागतं. मी ते खणातून काढलं, नाव दोनदा वाचून पाठ केलं, आणि कुकर पिशवीत घालून शाहूपुरीतल्या सर्व्हिस सेंटरला गेलो. काउंटरवरच्या माणसानं बिल उलगडलं.

"गडहिंग्लज? ह्या कोण तुमच्या?"

"मावसबहीण," मी म्हटलं. पूर्ण नाव घेऊन म्हटलं, आडनावासकट.

त्यानं झाकण फिरवून बघितलं, बोटानं रिंग दाबली. "रिंग गेलीया. रबराला वॉरंटी नसती. आणि आत्ता शिल्लक बी न्हाई, मागवायला लागंल." मग बिलाकडं बघत म्हणाला, "पण ह्या कुकरबरोबर एक जादा रिंग येती की. बहिणीकडं ऱ्हायली असंल बघा. इचारा तिला."