'ज्येष्ठांची घरं' दाखवून गरिबांचा कोटा फिटत नाही ओ

आठ दिवसांत एकच मेसेज मला चार ग्रुपवर आलाय. सोसायटीच्या, मॉर्निंग वॉकच्या, शाळेच्या बॅचच्या आणि काल तर भावकीच्या पण. थोडक्यात असा: "सोलापुरात बिल्डरवर 20 टक्के घरं गरिबांना द्यायची सक्ती आहे, त्यामुळे फ्लॅट महाग होतात. त्याऐवजी ज्येष्ठांसाठी घरं बांधली तर तोच कोटा भरला असं धरावं, कारण ज्येष्ठ म्हणजेच गरजू. नाहीतरी रायनगर झाल्यावर गरिबांना घरं कमी नाहीत. आणि म्हातारी माणसं शांत, वस्तीला त्रास नाही." खाली हात जोडलेले, फॉरवर्ड करा वगैरे. (रायनगर म्हणजे सोलापूरजवळ कुंभारीला झालेली कामगारांची घरकुल वसाहत.)

वाचायला गोड आहे, पण एकेक बघू.

सक्तीचं आधी. राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली 2020 ला आली, त्यात हा 20 टक्क्यांचा नियम आहे, साधारण 4000 चौरस मीटर म्हणजे एकरभर किंवा त्याहून मोठी जागा असेल तर त्यातला हिस्सा अल्प उत्पन्नवाल्यांना, वाटप म्हाडाच्या यादीतून. पण त्याच नियमात तेव्हा लिहिलं होतं की हे 10 लाख किंवा जास्त लोकसंख्येच्या महापालिकांना लागू, आणि लोकसंख्या ताज्या जनगणनेची धरायची. आता सोलापूरचा 2011 चा आकडा बघा, 9,51,558. म्हणजे 48,442 माणसं कमी पडली. त्यानंतर 2021 ची जनगणना झालीच नाही. हद्दवाढीतली वस्ती कुठल्या कुठं गेली, जुळे सोलापुरात आता गाडी लावायला जागा नाही, पण कागदावर आपण अजून तिथंच. म्हणजे 2020 ला नियम लिहिला तेव्हा ज्या सक्तीच्या नावानं गळा काढलाय ती आपल्या गावाला शिवतच नव्हती, आणि फ्लॅटच्या भावाचं खापर मात्र तिच्यावर. मला विचाराल तर भांडण उलटं व्हायला पाहिजे, की नऊ-साडेनऊ लाखांच्या गावाला हे का नको.

"ज्येष्ठ म्हणजेच गरजू" हे तर सगळ्यात चलाख वाक्य आहे. कायद्यानं 60 पूर्ण झाली की माणूस ज्येष्ठ, मग तो रिटायर्ड प्रोफेसर असो, सराफ असो की आमच्या बोळातल्या अक्का. आणि त्या 20 टक्क्यांत वय कुठंच विचारत नाहीत, विचारतात उत्पन्न. प्रधानमंत्री आवासच्या नव्या टप्प्यात सुद्धा वर्षाला 3 लाखांपर्यंत एक गट, 6 लाखांपर्यंत दुसरा, अशीच पायरी आहे. वय आणि पैसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकाच्या बदल्यात दुसरं देता येत नाही.

अक्कांचं सांगतो. चाळीस वर्षं विड्या वळल्या, मांडीवर सूप, कात्रीनं पान कापायचं, तंबाखू भरायची, दोरा गुंडाळायचा, अंगठ्याजवळचं बोट अजून सरळ होत नाही. कारखान्यात नाव होतं म्हणून प्रॉव्हिडंट फंडाची पेन्शन बसली, महिन्याला हजाराच्या आसपास. किमान पेन्शन 1000 रुपये हे 2014 ला ठरलं ते तसंच लोंबकळतंय. वरून श्रावणबाळचे 1500 मिळाले असते पण त्याला वर्षाचं उत्पन्न 21,000 च्या आत पाहिजे, आणि पोराचा पगार धरला की अक्का श्रीमंत ठरतात. त्यांना एका बिल्डरच्या ब्रोशरमधलं 'सिनियर लिव्हिंग' दाखवलं, क्लब हाऊस, योगा डेक, महिन्याचा मेंटेनन्स वेगळा. अक्का म्हणाल्या, एवढ्यात माझं वर्षाचं रेशन होतंय की.

मग रायनगर. इथं मला खरंच राग आला, कारण ज्यांनी ते उभं केलं त्यांच्या कष्टाचा आधार घेऊन बाकीच्यांना घर नाकारायचं हे बरं नाही. कुंभारीला 2006 मध्ये गोदूताई परुळेकर वसाहतीची 10,000 घरं झाली, विडी कामगार बायकांची. मग रायनगर, 30,000 घरांचा प्रकल्प, त्यातली 15,000 घरं 19 जानेवारी 2024 ला पंतप्रधानांच्या हस्ते दिली गेली. विडी, यंत्रमाग, कचरा वेचणारे, बांधकाम मजूर. माजी आमदार आडम मास्तर आणि त्या बायका वर्षानुवर्षं मोर्चे काढत होत्या तेव्हा हे मेसेजवाले कुठं होते काय माहीत. पण ती घरं फुकट नाहीत. केंद्राचे दीड लाख, राज्याचा एक लाख आणि वरचं लाभार्थ्यानं भरायचं, नाहीतर कर्ज. आता पासष्टीच्या बाईला कोण कर्ज देतंय? बँक बघते की सत्तरीच्या आसपास हप्ते फिटतायत का. त्यामुळे नाव मुलाचं-सुनेचं लागतं, आणि म्हातारी बाई पुन्हा कुणाच्या तरी दारात. शिवाय कुंभारी म्हणजे गावाबाहेर, अक्कलकोट रोडनं. सिव्हिलला बीपीची गोळी आणायला जायचं तर रिक्षा शेअर करून जायचं, आणि ओपीडीची वेळ सकाळची.

तेव्हा रायनगरनं काय सुटलं ते मोठं आहेच, पण सगळं सुटलं म्हणणं म्हणजे एका गल्लीत टँकर आला म्हणून गावाचं पाणी संपलं असं म्हणणं.

"म्हातारी माणसं शांत, कटकट नाही" यावर काय बोलायचं. म्हणजे गरिबांची पोरं आली की कटकट, असंच ना? मग तसं सरळ लिहा.

वृद्धाश्रमाचा पण एकानं खाली सूर लावलाय, की आपल्याकडे संस्कार आहेत, वेगळी घरं कशाला. 2007 च्या आई-वडील आणि ज्येष्ठांच्या देखभालीच्या कायद्यात जिल्ह्याला किमान एक, 150 जणांचा वृद्धाश्रम असं कलम आहे, आणि आपला जिल्हा 43 लाखांचा (तोही 2011 चाच आकडा). पण निवृत्तांचं घर आणि वृद्धाश्रम एक नव्हे. बिल्डरांच्या प्रकल्पांवर लक्ष ठेवणाऱ्या महारेरानं 2024 मध्ये ज्येष्ठांच्या प्रकल्पांना अटी घातल्या त्या वाचा, दार किमान 900 मिमी रुंद, एकापेक्षा जास्त मजला असेल तर लिफ्ट, रॅम्प, बाथरूममध्ये धरायला दांडी, न घसरणारी फरशी. मी घरी टेप लावून बघितलं, आमच्या बाथरूमचं दार 680 मिमी निघालं आणि उंबऱ्याची पायरी चार इंच. आईचा वॉकर आडवा करून आत न्यावा लागतो, आणि सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं तेव्हा तीच पायरी ओलांडून बादल्या भरायच्या. ही अडचण गरीब घरात जास्त, कारण तिथं बाथरूम मोठं करायची सोयच नसते.

म्हणून बिल्डरनं ज्येष्ठांसाठी घरं बांधावीतच, कोणी नको म्हणतंय? राज्याच्या 2025 च्या गृहनिर्माण धोरणात ज्येष्ठांचा वेगळा विचार आहेच. पण ते त्याच्या जागी. परवडणाऱ्या घरांचा हिस्सा उत्पन्नावर, आणि त्यातली काही घरं तळमजल्याला, रुंद दाराची, धरायला दांडी असलेली. दोन्ही एकत्र बसतात, एकमेकांची जागा खात नाहीत.

ग्रुपवर ज्यानं मेसेज टाकला त्याला मी फक्त विचारलं, तुमच्या ज्येष्ठांच्या घराची किंमत किती आणि बाथरूमचं दार किती रुंद. उत्तर आलं, "साइट व्हिजिटला या, चहा-नाश्ता आमच्याकडे." मी टेप घेऊन जाणार आहे रविवारी, अक्कांना पण घेऊन.