तिने ॲप काढून टाकली, त्याबद्दल

मागच्या हिवाळ्यात एका शनिवारी मी अटलांटातल्या एका स्वयंपाकघरात सहा तास बसून होते. माझी ऑफिसातली मैत्रीण, वय 29, कृष्णवर्णीय, उशी टाकून जमिनीवर बसली होती आणि तिची मावशी मागे खुर्चीत बसून तिच्या केसांच्या बारीक वेण्या घालत होती. माझ्याकडे काम एवढेच होते, की वेणीत गुंफायच्या कृत्रिम केसांच्या बटा सोडवून मावशींच्या हाती द्यायच्या. वेण्या झाल्यावर त्यांची टोके कढत पाण्यात बुडवतात, म्हणजे ती सुटत नाहीत, हे मला त्या दिवशी कळले. वेण्या चालू असताना मैत्रीण डेटिंग ॲपवर आलेले मेसेज वाचून दाखवत होती आणि पाण्याचे पातेले गॅसवर चढले तेव्हा तिने फोनमधली तिन्ही ॲप काढून टाकली. तिला विचारूनच हे लिहीत आहे.

ही गोष्ट कानावर गेली की लोक, त्यात आमची मराठी मंडळीही आली, आधी तिची कीव करतात. शिकलेल्या माणसांची कीव आकडे घेऊन येते. ओके क्यूपिड या डेटिंग संकेतस्थळाने 2009 मध्ये स्वतःकडची माहिती तपासली, तेव्हा कृष्णवर्णीय स्त्रिया आलेल्या मेसेजना सर्वाधिक उत्तरे देतात, त्यांना मात्र सर्वांत कमी उत्तरे मिळतात, असे दिसले होते. 2014 मध्ये त्यांनीच पुन्हा सांगितले, की कृष्णवर्णीय नसलेल्या पुरुषांपैकी 82 टक्क्यांच्या वागण्यात या स्त्रियांविषयी काही ना काही प्रतिकूल कल आढळतो. न्यूयॉर्क टाइम्सने 2015 मध्ये मांडलेला हिशेबही कोणीतरी हमखास काढतो: 25 ते 54 या वयोगटात तुरुंगाबाहेर असलेल्या दर 100 कृष्णवर्णीय स्त्रियांमागे तसे पुरुष 83, कारण उरलेल्यांपैकी बहुतेक तुरुंगात तरी आहेत किंवा अकाली गेले आहेत. हे सगळे ऐकल्यावर "बिचारीला कोणी मिळाले नाही" हा निष्कर्ष आपोआप निघतो.

मला हा निष्कर्ष आळशी वाटतो. वरच्या 82 टक्क्यांत मोजले गेले आहे ते पुरुषांचे वागणे, पण त्यावरचा सल्ला मात्र स्त्रीला दिला जातो: अपेक्षा कमी कर, फोटो बदल, जरा हसरी दिस, इतकी ठाम बोलू नकोस. मैत्रिणीचे म्हणणे वेगळेच आहे. तिला विचारणारे कमी नव्हते, पण ते काय विचारत होते, हे तिने आम्हाला वाचून दाखवले. "केस खरे आहेत का?" असे दोघांनी विचारले होते. "तुझ्यासारख्या मुलीबरोबर कधी गेलो नाही, एकदा अनुभव घ्यायचा आहे" असे लिहिणाऱ्याला ही आपण केलेली स्तुतीच वाटत असावी. तिच्या रंगाला चॉकलेट म्हणणारे किती, हे मोजणे तिने केव्हाच सोडले होते. हे वाचताना ती हसत होती, मावशी अजिबात हसत नव्हत्या.

मावशींच्या न हसण्यामागे वय आहे. 1967 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने लव्हिंग या जोडप्याच्या खटल्यात अशा लग्नांवरची बंदी रद्द करेपर्यंत याच जॉर्जिया राज्यात कृष्णवर्णीय आणि गोऱ्या व्यक्तींनी परस्परांशी लग्न करणे बेकायदा होते आणि मावशींचा जन्म त्याआधीचा आहे.

इथे माझी एक जुनी गोष्ट आठवते. माझ्या लग्नाच्या बायोडेटात वडिलांनी रंगापुढे "गव्हाळ" लिहिले होते आणि माझ्याच मावशीने ते खोडून "निमगोरा" करायला लावले होते. उत्तर अमेरिकेतल्या भारतीय वंशाच्या स्त्रियांनी आवाज उठवल्यावर शादी डॉट कॉमने 2020 च्या जूनमध्ये त्वचेच्या रंगाचा फिल्टर काढला, तेव्हा मला तो खोडलेला शब्दच आधी दिसला. माझे दुःख आणि तिचे दुःख एकच आहे, असे मी म्हणणार नाही, कारण माझ्या गव्हाळ रंगामागे गुलामगिरीचा इतिहास नाही आणि शेवटी माझे लग्न त्याच बायोडेटावर जमले. पण आपला माल दुसऱ्याच्या तराजूत बसावा म्हणून आपणच शब्द बदलायचे, हा प्रकार मला ओळखीचा आहे आणि तिने तो बंद केला, एवढे मला कळते.

ती पुरुषांवर रागावलेली नाही, तिने कसले व्रत घेतलेले नाही आणि या निर्णयाला ती "स्वतःवर प्रेम" वगैरे नावही देत नाही. दर संध्याकाळी तासभर अनोळखी माणसांना स्वतःविषयी समजावून सांगण्यात जात होता, तो आता जात नाही, असे ती सांगते. त्या तासात ती बहुधा झोपते.

"किती दिवस हे?" असे मावशींनी पातेले उतरवताना विचारले होते. "या वेण्या सुटेपर्यंत तरी," असे ती म्हणाली होती. वेण्या साधारण दोन महिने टिकतात. त्यानंतर त्या दोनदा सोडून पुन्हा घातल्या गेल्या, दोन्ही वेळा बटा मीच सोडवून दिल्या आणि मावशींनी तो प्रश्न पुन्हा विचारला नाही.