“30 वर्षांत फुटला नाही” म्हणजे तलाव मजबूत? त्या मेसेजला उत्तर

आठ दिवसांपासून पंचक्रोशीतल्या प्रत्येक ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, मला स्वतःला सहा जणांनी पाठवला, त्यातल्या दोघांचं वावर त्याच नाल्याच्या काठावर आहे हे विशेष. विषय नाल्याच्या वरच्या अंगाला असलेला रिसॉर्टचा बोटिंगचा तलाव. मेसेज थोडक्यात असा: “अफवा पसरवू नका. तलाव छोटा आहे. 30 वर्षांत एकदाही फुटला नाही. पाळीवर (मातीच्या बांधावर) झाडं आहेत, मुळांनी माती घट्ट धरली आहे. खालून पाणी पाझरतं ते नॉर्मल आहे. सरकारची एकही नोटीस नाही. आणि जागा खासगी आहे.”

मी इंजिनिअर नाही राजेहो. पाझर तलावांच्या कामावर अठराएक वर्षं मुकादमी केली, रोलरच्या मागं मातीचे थर मोजत फिरलो, तेवढ्यावर बोलतोय. तलाव उद्याच फुटेल असंही माझं म्हणणं नाही. पण मेसेजमधल्या एकाही कारणानं तो मजबूत ठरत नाही, आणि जे खरं पाहायचं तो सांडवा, म्हणजे जास्तीचं पाणी बाहेर जायची वाट, त्याचं मेसेजमध्ये नावही नाही.

आधी ‘छोटा’ पाहू. तलाव चारेक एकराचा, सरासरी तीन मीटर पाणी धरा. म्हणजे 48 हजार घनमीटर, 4 कोटी 80 लाख लिटर. उन्हाळ्यात गावात येतो तो 10 हजार लिटरचा टँकर, असे 4,800 टँकर एका नाल्यात एकदम रिकामे झाले तर काय होईल ते ज्यांची घरं नाल्याजवळ आहेत त्यांनीच सांगावं. चिपळूणकडचं तिवरे धरण पण लघु प्रकल्पच होता, 2 जुलै 2019 च्या रात्री फुटला आणि वीसच्या आसपास माणसं गेली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती.

30 वर्षांचं म्हणाल तर आपली काळी माती पाहा बाप्पा. मे महिन्यात वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात की नाही? पाळीच्या पोटात तीच माती असते, पाणी अडवायला तिच्यासारखी दुसरी नाही पण ती वाळू द्यायची नसते, म्हणून वरून मुरमाचं कवच घालतात. इथं सेल्फी पॉइंट आणि फिरायचा रस्ता करायच्या नादात माथ्यावरचा मुरूम खरवडला, पाळीचं डोकं छाटून रुंद केलं. उन्हाळ्यात तलाव तळाला जातो, पाळ तडकते, आणि जुलैत एका रात्रीत पाणी भेगांपर्यंत चढतं. 2023 च्या जुलैत यवतमाळ जिल्ह्यात कसा पाऊस पडला ते आठवा, महागाव तालुक्यात माणसं काढायला हेलिकॉप्टर मागवावं लागलं होतं. तसा पाऊस या पाळीनं डोकं छाटल्यावर अजून पाहिलाच नाही, मग 30 वर्षांचा दाखला कायले द्यायचा?

झाडांचं थोडक्यात. पाळीवर गवत पाहिजे, झाड नको. झाड मेलं की मूळ सडतं, आत नळीसारखी पोकळी राहते आणि पाण्याला आयती वाट मिळते. वादळात उपटलं तर मातीचा लचका घेऊनच पडतं. वर उंदीर, घोरपड, खेकडे आहेतच. तिवऱ्याचं खापर तेव्हा खेकड्यांवर फोडलं होतं आणि सगळे लय हसले होते. अरे खेकडा बीळ करणारच, ते बुजवायचं काम कोणाचं होतं?

पाझराचा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे, ते मान्य करतो. मातीची प्रत्येक पाळ थोडी पाझरते. प्रश्न पाणी कसं येतं हा आहे. काचेच्या बाटलीत धरून तासभर ठेवा, तळाशी गाळ बसला तर पाळ आतून धुऊन चाललीय. बादली भरायला किती मिनिटं लागतात ते दर आठवड्याला लिहा, तलावाची पातळी तीच असून बादली लवकर भरायला लागली तर थांबू नका. हे दहा रुपयांच्या वहीत होणारं काम आहे, पण आम्ही गेलो तेव्हा पायथ्याकडं जाऊ दिलं नाही, बोटीत बसा म्हणाले.

नोटीस नाही हे बरोबर. धरण सुरक्षा कायदा 2021 चा, तो 15 मीटरपेक्षा उंच धरणांना लागतो, 10 ते 15 मीटरमधल्यांना काही अटींवर. ही पाळ सात मीटरची पण नसेल. म्हणजे त्या कायद्यात पोट्टा पास झाला असं नाही, त्याचा पेपरच घेतला नाही. खासगी जागेचं पण तसंच. 1868 मध्ये इंग्लंडच्या कोर्टात रायलँड्स विरुद्ध फ्लेचर या खटल्याचा निकाल लागला, गिरणीवाल्यानं स्वतःच्या जागेत तलाव बांधला, पाणी शेजाऱ्याच्या खाणीत घुसलं, कोर्ट म्हणालं साठवलं तू, भरपाई तू दे. आपल्याकडची कोर्टं आजही हा दाखला देतात.

आता सांडवा. मातीची पाळ आणि माथ्यावरून पाणी यांचं जमत नाही, एकदा वरून वाहायला लागलं की पाळ लोण्यासारखी कापत जाते, म्हणून जास्तीचं पाणी सांडव्यातूनच गेलं पाहिजे. इथं काय केलं, तर रोहू-कटला वाहून जाऊ नये म्हणून सांडव्याच्या तोंडाला लोखंडी जाळी वेल्ड केली. पहिल्या पुरात पऱ्हाट्या, पळसाची पानं, प्लास्टिक, सगळं त्या जाळीलाच येऊन बसणार. हे मी मनानं सांगत नाही. अमेरिकेत जॉन्सटाउनच्या वर श्रीमंतांच्या क्लबचा असाच मौजेचा तलाव होता, मासे पकडायला आणि बोटी फिरवायला. त्यांनी पण सांडव्याला मासे अडवायची जाळी लावली, बग्ग्या जाव्यात म्हणून माथा खाली घेतला, आणि तळातून पाणी सोडायचे पाइप तर आधीच्या मालकानं भंगारात विकलेले, ते परत बसवलेच नाहीत. 31 मे 1889 ला जाळीत कचरा अडकला, पाणी माथ्यावरून गेलं, 2,200 हून जास्त माणसं मेली. आपल्याकडं तळाचा पाइप आहे, पण व्हॉल्व फिरत नाही, गंजलाय. रिसॉर्टवर कामाला जाणाऱ्या कोणालाही विचारा.

आख्खा तलाव मोडा असं कोणी म्हणत नाही भाऊ. व्हॉल्वला वेळ लागेल, पाळीला खर्च येईल, समजतो. पण जाळी कापायला ग्राइंडर आणि एक दुपार पुरते, आणि ती वेल्ड करणारा आमच्याच गावचा आहे, तो फुकट यायला तयार आहे.