‘साखर आवडीनुसार’ हे मी चुकीचं लिहिलं होतं

ताई,

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. लगेच उत्तर लिहायला बसले नाही, कारण आधी एक गोष्ट करून बघायची होती. ती काल केली, आज सकाळी तिचा निकाल हातात आला, आणि आता लिहिते आहे.

बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. दही आणि आंब्याच्या आइसकँडीची माझी कृती वाचून तुम्ही ती घरी केलीत. कांडी दगडासारखी झाली, तुमच्या लेकीच्या हातात नुसती काडी आली आणि ती रडली. साखर घालून वर त्याला ‘पौष्टिक’ म्हणणं ही फसवणूक आहे असं तुम्हाला वाटलं, म्हणून तुम्ही साखर वगळली होती. शिवाय दही आणि फळ हा विरुद्ध आहार, गार खाऊन पोरांना सर्दी होते, आणि शेवटी, ‘आपल्या आज्यांनी कधी केलं होतं का हे?’

लेकीच्या रडण्यापासून सुरू करते, कारण त्यात माझी चूक आहे.

काल मी मुद्दाम तुमच्यासारखीच कांडी केली. घरचं साधं दही, हापूसचा रस, साखर अजिबात नाही. शेजारच्याच साच्यात दुसरी, चक्का आणि साखर घातलेली. दोन्ही रात्रभर फ्रीझरमध्ये. सकाळी पहिली काढायला गेले तर काडी सुटून आली, अगदी तुमच्याकडे झालं तसंच. साचा पाण्याखाली धरून ती कशीबशी बाहेर काढली आणि दात लावला, तर दात नुसता घसरला. चोखत राहिले तर दोन मिनिटांत आंब्याचा रंग उतरला आणि टोकाला पांढरट बर्फ उरला. त्यात चवच नव्हती. एखाद्या पोराला हे दिलं तर ते रडणारच, त्यात त्याचा काय दोष?

असं का होतं ते सांगायला हवं होतं, आणि मी कृतीत ते सांगितलं नाही. मिश्रण गोठायला लागलं की आधी त्यातलं नुसतं पाणी गोठतं. साखर बर्फाच्या स्फटिकात शिरत नाही, ती उरलेल्या पाण्यात साठत जाते आणि ते पाणी पाकासारखं दाट होत जातं. घरच्या फ्रीझरमध्ये साधारण उणे १८ अंश तापमान असतं. एवढ्या थंडीतही हा पाक पूर्ण गोठत नाही, बर्फाच्या कणांच्या मध्ये मऊ राहतो. दात आत जातो तो त्याच्यामुळे. साखर काढून टाकली की तो मऊपणा जातो आणि हातात उरतो बर्फ. म्हणजे गोठवायच्या पदार्थात साखर गोडीपुरती नसते, भाकरीच्या पिठात गरम पाण्याचं जे काम तेच इथे साखरेचं.

आणि मी काय लिहिलं होतं? ‘साखर आवडीनुसार.’ चहाच्या कृतीत हे चालतं, इथे नाही. तुम्ही माझा शब्द खरा मानून साखर वगळलीत, यात तुमचं काहीच चुकलं नाही. मूळ कृतीत मी हा शब्द बदलला आहे.

दुसरी चूक दह्याची. मी ‘घट्ट दही’ लिहिलं होतं. घट्ट म्हणजे किती, हे प्रत्येक घरात वेगळं. दह्यात पाणी भरपूर असतं आणि आंब्याच्या रसातही, म्हणून दही बांधायचंच. एक लिटर म्हशीच्या दुधाचं ताजं, आंबट न झालेलं दही स्वच्छ पंचात बांधून चार-पाच तास टांगा. उन्हाळ्यात ओट्यावर टांगलं तर ते आंबतं, म्हणून मी गाळणीत गाठोडं ठेवून खाली पातेलं देते आणि सगळंच फ्रिजमध्ये सरकवते. साधारण साडेतीनशे ग्रॅम चक्का मिळतो. खाली जी पिवळसर निवळी जमते ती ओतून देऊ नका, तिच्यात कणीक भिजवा, पोळ्या मऊ होतात.

आता माप. तीनशे ग्रॅम चक्का, दोन मध्यम हापूसचा गर (अडीचशे ग्रॅम धरा), शंभर मिली तापवून गार केलेलं दूध, सत्तर ग्रॅम पिठीसाखर, चिमूटभर मीठ. यात दहा कांड्या होतात. चक्का पुरणयंत्रातून किंवा बारीक चाळणीतून काढा, श्रीखंडाला काढतो तसाच. गुठळी राहिली तर ती गोठून खड्यासारखी दाताखाली येते. मिश्रण चाखाल तेव्हा ते नेहमीपेक्षा जरा जास्त गोड लागायला हवं. थंडीत जिभेला गोडी कमी कळते, म्हणून वाटीत बेताचं लागलेलं मिश्रण गोठल्यावर आंबट लागतं.

काडीचं तंत्रही मी गाळलं होतं. साचे भरून आधी तास-सव्वा तास तसेच ठेवायचे, कडेने धरायला लागलं की मग काडी खोचायची, म्हणजे ती मधोमध उभी राहते. काढताना ओढायचं नाही. साचा नळाच्या साध्या पाण्यात दहा-पंधरा सेकंद बुडवायचा, कडा सुटल्या की कांडी आपणहून वर येते. खास साचे विकत घ्यायची गरज नाही. स्टीलचे छोटे पेले उत्तम, प्लास्टिकपेक्षा त्यात लवकर गोठतं, आणि जितकं लवकर गोठेल तितके बर्फाचे कण बारीक. म्हणूनच पेले फ्रीझरच्या तळाला किंवा मागच्या भिंतीला टेकवून ठेवा. फक्त पितळेचा पेला नको. दही त्यात कळकतं, हे तुमच्या-माझ्या घरात कुणाला सांगायला लागू नये.

एक सूचना आधीच देऊन ठेवते, कारण आंबा संपला की लोक पुढे अननसाकडे वळतात. कच्चा अननस दह्यात घालू नका. त्यातलं एक पाचकद्रव्य दह्यातली प्रथिनं तोडतं आणि मिश्रण काही वेळातच कडू होतं. फोडी साखरेत पाच-सात मिनिटं चांगल्या शिजवल्या, गार केल्या आणि मग घातल्या तर काही होत नाही. पपई आणि किवीचंही तेच. कलिंगड मात्र सोडाच, त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं, कितीही चक्का घाला, बर्फच होतो. कलिंगड कापून खावं. स्ट्रॉबेरी छान होते, पण तीसुद्धा थोड्या साखरेत आधी शिजवून, पाणी आटवून.

आता ‘पौष्टिक’. या शब्दावर तुम्ही माझा कान धरलात, तो सोडवून घ्यायचा मी प्रयत्न करणार नाही. सत्तर ग्रॅम साखर दहा कांड्यांत म्हणजे एका कांडीत सात ग्रॅम, दीड-दोन चहाचे चमचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलेली मर्यादा अशी की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांखाली असावी, जमल्यास पाच टक्क्यांखाली. मोठ्या माणसाला पाच टक्के म्हणजे पंचवीसेक ग्रॅम. लहान मुलाला अर्थातच त्याहून कमी. तेव्हा एक कांडी खाल्ली तर त्या दिवशी सरबत आणि बिस्किटं नकोत. ती खाऊ आहे, जेवण नव्हे. ‘पौष्टिक’ हा शब्द मी शीर्षकातून काढला. तिच्यात दही खरं आहे, फळ खरं आहे, रंग आणि इसेन्स नाही, इतकंच मी ठामपणे म्हणेन.

साखरेऐवजी मध किंवा गूळ घालावा असंही तुम्ही सुचवलंत. गूळ चालतो, रंग काळपट येतो, आंब्याची चव मागे पडते. चिकूला मात्र गूळ शोभतो. मधही मिश्रणाला मऊ ठेवतो. पण घरात वर्षाच्या आतलं बाळ असेल तर त्याला मध घातलेल्या कांडीचं बोटसुद्धा चाटवू नका. मधात कधीकधी असणाऱ्या जंतूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्यांना बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. आणि साखर म्हणून पाहिलं तर मध काही वेगळ्या खात्यात जमा होत नाही.

विरुद्ध आहाराचा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. माझ्या आईचा त्यावर विश्वास होता आणि मी तिच्याच हाताखाली स्वयंपाक शिकले. मी वैद्य नाही, पण या निमित्ताने जे वाचलं ते सांगते. अष्टांगहृदयात केळं दह्याबरोबर किंवा ताकाबरोबर खाणं विरुद्ध म्हटलं आहे, अगदी नाव घेऊन. माझ्या मूळ लेखात दुसरी कृती केळ्याची होती. जे हे पथ्य पाळतात त्यांनी ती करू नये, आणि तसं मी तिथे लिहिलं आहे. पण ‘दही आणि कुठलंही फळ’ असा सरसकट निषेध मला सापडला नाही. उलट चरकसंहितेच्या सूत्रस्थानात दही कसं खावं हे सांगताना तूप-साखर, मुगाचं कढण, मध किंवा आवळा यांच्याशिवाय ते खाऊ नये असं आहे. आवळा हे फळच. त्याच वचनात रात्री दही नको असंही आहे, म्हणून आमच्याकडे कांडी दुपारी चारला मिळते, जेवणानंतर नाही. आणि हेही लपवत नाही की उन्हाळ्यात दही फारसं चांगलं नाही असंही चरकसंहिता म्हणते. तिथे मात्र आपलं सगळं घरच वेगळं वागत आलं आहे: मे महिन्यात दहीभात, त्यावर डाळिंबाचे दाणे, केळ्याची कोशिंबीर, आणि पाहुणे आले की आम्रखंड. ज्यांना ग्रंथ शब्दशः पाळायचा आहे त्यांच्याशी मी वाद घालणार नाही. पण आम्रखंडाची वाटी चालते आणि तेच गोठवून काडीवर लावलं की विरुद्ध होतं, हे मला पटत नाही.

सर्दी विषाणूंनी होते, थंड खाण्याने नाही. घसा आधीच धरला असेल, खोकला असेल तर देऊ नये, ते आई म्हणून आपल्याला कळतंच.

मी या कांड्यांच्या मागे इतकी का लागले, ते मूळ लेखात लिहिलं नव्हतं. माझा धाकटा भाऊ आठ वर्षांचा असताना मे महिन्यात त्याला कावीळ झाली. डोळे हळदीसारखे पिवळे, पाणीसुद्धा पोटात ठरत नव्हतं. डॉक्टरांनी पोटावर हात ठेवायच्या आधी विचारलं, ‘बाहेरचा बर्फ खाल्लास?’ त्याने माझ्याकडे बघितलं. शाळेबाहेरच्या गाडीवरचा गोळा त्याला मीच घेऊन दिला होता, माझ्या खाऊच्या पैशांतून. पुढचा दीड महिना तो ताटात आलेलं वरण-भात नुसतं चिवडत बसायचा आणि मी स्वयंपाकघराच्या दारातून बघायचे. गोठवल्याने पाण्यातले जंतू मरत नाहीत, काविळीचा विषाणू तर बर्फात आरामात टिकतो, हे मला खूप नंतर कळलं. खाण्याचा नसलेला बर्फ वेगळा ओळखू यावा म्हणून २०१८ मध्ये महाराष्ट्रात तो निळा करण्याचा नियम आला, तेव्हा पहिली आठवण भावाचीच झाली. ‘गारेगाऽऽर’ अशी हाळी आली की पोराचे पाय दाराकडे वळणारच. त्याला ‘नको’ म्हणण्यापेक्षा ‘घरात आहे’ म्हणता यावं, एवढ्यासाठी मी हा खटाटोप करते. तापवलेलं दूध, घरचं विरजण, धुतलेला आंबा. यात काय गेलं ते मला माहीत असतं.

आणि आज्यांचं. माझ्या आजीकडे फ्रीझर नव्हता. पण मे महिन्यात सगळी नातवंडं जमली की लाकडी पॉट निघायचा, बर्फ फोडून त्यात जाडं मीठ पडायचं आणि आम्ही आळीपाळीने दांडा फिरवायचो. मिठाने बर्फ शून्याच्या किती तरी खाली जातो, म्हणून ते दूध गोठायचं. आंब्याचा रस त्यात आजी स्वतः घालायची आणि दांडा जड झाला की म्हणायची, ‘आता मोठ्यांपैकी कुणीतरी या.’ शिवाय चक्का बांधणं, पुरणयंत्रातून काढणं, चिमूटभर मीठ घालणं ही सगळी तिच्याच हाताची रीत आहे. तेव्हा हो, आज्यांनी केलं होतं. फक्त काडी नव्हती.

आज सकाळची दुसरी कांडी, चक्क्याची, मी पाण्यात बुडवून मोजत उभी राहिले. बाराव्या सेकंदाला ती सुटली. माझ्या मुलाने एका घासात टोक तोडलं आणि दातांच्या खुणा कांडीवर स्पष्ट उमटल्या. तुमच्या लेकीला आंबा आवडत असेल तर या रविवारी दही बांधा. कमी गोड हवं असेल तर सत्तरची साठ ग्रॅम साखर करा, त्याखाली जाऊ नका. काडी खोचायचं काम तिच्याकडे द्या, आणि जमलं नाही तर मला पुन्हा लिहा, या वेळीही तेवढ्याच स्पष्ट.